भाचा म्हणतो लिंका लाव, मिस्टर म्हणतात ही दलाली

सांगलीजवळून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय पन्नाशीच्या आत. बरीच वर्षं त्या मराठीत पाककृतींचा ब्लॉग लिहितात: घावन, भाजणीची चकली, उकडीचे मोदक, नवा बिडाचा तवा वापरात कसा आणायचा. महिन्याला साधारण नऊ हजार वेळा त्यांची पानं वाचली जातात. आजवर त्यातून एक रुपया मिळालेला नाही. भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, प्रत्येक लेखात ऑनलाइन दुकानांच्या अफिलिएट लिंका लाव. वाचकाने तिथून वस्तू घेतली की तुला कमिशन. 'दहा उत्तम मिक्सर', 'दहा उत्तम तवे' असे लेख तो एआयकडून लिहून देईल, महिन्याला तीस हजार कुठे गेले नाहीत. त्यासाठी पंधरा हजारांचा एक ऑनलाइन कोर्सही त्याने सुचवला आहे. मिस्टर हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. ते म्हणतात, 'लोक तुला विश्वासाने विचारतात आणि तू त्यांच्या जिवावर दलाली खाणार?' ताईंचा प्रश्न असा: 'घरात तसं काही कमी नाही, पण मला स्वतःचे चार पैसे हवेत. यात वाचकांची फसवणूक होते का? आणि करायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करू?'

ताई, नमस्कार.

'घरात तसं काही कमी नाही' हा खुलासा माझ्यासाठी केला असेल तर तो नको होता. इतकी वर्षं तुम्ही लिहिलंत, फोटो काढलेत, 'काकू, माझी उकड फाटते' अशा प्रश्नांना रात्री उशिरा उत्तरं दिलीत. त्या कामाचे पैसे मिळावेत असं वाटायला घरात काही कमी असावं लागत नाही.

आधी मिस्टरांचा मुद्दा घेऊ, कारण तो तुम्हाला जास्त बोचलेला दिसतो. मला गंमत वाटली ती अशी की हे बोलणारा माणूस अडत दुकानात हिशेब लिहितो! अडत म्हणजे कमिशनच की. सांगलीचा हळदीचा सौदा पिढ्यान्‌पिढ्या त्यावर चालला आहे आणि त्या पगारावर तुमचं घरही. तरी मिस्टर दुटप्पी बोलतात असं मला वाटत नाही. त्यांच्या मनात एक फरक आहे, तो त्यांना नीट सांगता आला नाही. बाजारात अडत असो, हमाली असो, तोलाई असो, कोणाकडून किती घेतली ते पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, येतं. शेतकरी कुरकुरेल, भांडेल, पण त्याला आकडा दिसतो. तुमच्या लेखातली लिंक मात्र वाचणारीला नुसती लिंकच दिसते. तिच्या शेपटीला तुमचा ओळखक्रमांक चिकटलेला आहे (ॲमेझॉनच्या भारतातल्या लिंकेत तो बहुधा २१ या आकड्याने संपतो), हे तिला कुठून कळणार? तेव्हा कमिशन घ्यावं की नाही यावर तुमच्या दोघांचं भांडण नाहीच. ते पट्टीवर येतं की नाही, एवढंच आहे. ते कसं आणायचं, पुढे सांगते.

पण पट्टी लिहिली की सुटलो, असंही नाही. मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. उकडीच्या मोदकांचा तुमचा लेख डोळ्यांसमोर आणा. मोदकपात्र नसलं तर पातेल्यात पाणी उकळायचं, वर चाळणी ठेवायची, तिच्यावर हळदीचं पान अंथरायचं आणि झाकण घालायचं. घरात जे आहे त्यात काम भागतं. आता त्याच लेखात मोदकपात्राची लिंक आली आणि दर गणपतीला त्यातून चारशे-पाचशे रुपये मिळू लागले, असं समजा. पुढच्या वर्षी लेख दुरुस्त करताना ते चाळणीचं वाक्य तुम्ही वर ठेवाल की खाली सरकवाल? खोटं कोणी लिहीत नाही हो. वाक्य फक्त जरा खाली जातं. मग आणखी खाली. मग एक दिवस 'लेख फार लांबला' म्हणून उडतं. कमिशनने लेखणी बिघडते ती अशी. त्यावर मला माहीत असलेला एकच उपाय आहे: लेख आधी लिंकेशिवाय पूर्ण लिहायचा, 'हे विकत घेऊ नका' हेही त्यात लिहायचं, आणि नंतर जिथे खरोखर वस्तू लागते तिथेच लिंक घालायची. चाळणीचं वाक्य असलेल्या लेखात सोऱ्याची शिफारस आली, तर ती वाचणारीला पटेलही लवकर.

आता भाच्याचे तीस हजार. मुलगा हुशार असेल, पण हा आकडा त्याने कागदावर मांडलेला दिसत नाही. आपण मांडू. महिन्याला नऊ हजार वेळा वाचन. शंभरातल्या तिघींनी लिंक दाबली असं धरा, म्हणजे दोनशे सत्तर. त्यातल्या शंभरातल्या साधारण साडेचार जणींनी काहीतरी घेतलं, म्हणजे बाराजणी. प्रत्येकीची खरेदी नऊशेची, एकूण दहा हजार आठशे. सरासरी कमिशन पाच टक्के धरलं तर हातात येतात पाचशे चाळीस रुपये. हे माझे अंदाज आहेत, तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण याच हिशेबाने तीस हजार मिळवायचे तर महिन्याला पाच लाख वाचनं लागतात. आज तुमचा ब्लॉग इंटरनेटचं आणि थोडंसं विजेचं बिल भरू शकतो, पगार देऊ शकत नाही. पाचशे रुपयांसाठी सगळा ब्लॉग उलटापालटा करायचा का, हा प्रश्न मग आपोआप छोटा होतो. ज्या पाच-सहा लेखांत वस्तू लागतेच, तिथे लिंक लावा. बाकीचे दीडशे-दोनशे जसे आहेत तसे राहू द्या.

पैसे कसे येतात तेही माहीत असू द्या, म्हणजे नंतर भाच्याशी वाद नको. ॲमेझॉनने ही पद्धत अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू केली, आता बऱ्याच कंपन्यांकडे ती आहे. सामील व्हायला पैसे लागत नाहीत. पण खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन तरी विक्र्या झाल्या नाहीत तर ॲमेझॉन ते बंद करतं. लिंक दाबल्यावर वाचकाने २४ तासांत घेतलेली किंवा टोपलीत टाकलेली वस्तू तुमच्या नावावर धरली जाते. ती तुम्ही सुचवलेलीच असली पाहिजे असं नाही. सोऱ्या बघायला गेलेली बाई मोबाइलचं कव्हर घेऊन परत येऊ शकते. वस्तू परत गेली की कमिशनही परत जातं. स्वतःच्याच लिंकेवरून घरची खरेदी केली तर काही मिळत नाही, तेव्हा मिस्टरांना कामाला लावू नका. पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी येतात आणि ठरलेली किमान रक्कम जमेपर्यंत पुढे ढकलले जातात. लेखात किंमत लिहून ठेवू नका. ती रोज हलते, आणि हाताने लिहिलेली किंमत त्यांच्या नियमातही बसत नाही. दर तर पूर्णपणे कंपनीच्या हातात. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत घरसामानावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, किराण्यावरचं ५ वरून १ वर. ज्यांनी त्यावर घरखर्च बसवला होता त्यांचे काय हाल झाले असतील! या पैशावर हप्ता काढू नका, एवढंच म्हणते.

'दहा उत्तम मिक्सर'बद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपल्याकडे एक मिक्सर दहा-बारा वर्षं सहज चालतो. दहा मिक्सर वापरलेली बाई एक तर दुरुस्तीचं दुकान चालवत असेल, नाही तर थापा मारत असेल. दुकानाच्या पानावरची माहिती उचलून लिंका जोडलेले लेख गूगलच्या नियमांत स्पॅमच्या यादीत येतात, म्हणजे असल्या लेखांपायी तुमच्या चांगल्या पानांचंही नुकसान होऊ शकतं. आणि समजा गूगलला पत्ता लागला नाही, तरी तुमच्या वाचकांना लागेल. 'हा ७५० वॅटचा मिक्सर आधुनिक स्वयंपाकघराची शान आहे' हे वाक्य तुमचं नाही, हे घावनाचा लेख वाचलेली कोणीही सांगेल.

कोर्सचे पंधरा हजार देऊ नका. वरच्या हिशेबाने ते वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त लागतील. आणि कोर्समध्ये शिकवणार काय, तर हाच कोर्स पुढे विकून कमिशन मिळवायचं, असं असेल तर भाच्यालाही तिथून बाहेर काढा. माणसं जोडत नेऊन पैसे मिळवायच्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली आहे, नाव काहीही असो.

आता तव्याकडे येते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. तुमचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख बिडाच्या तव्याचा आहे, आणि तो तवा तुम्ही आठवडी बाजारातून घेतलेला. 'काकू, असा तवा कुठे मिळेल?' हा प्रश्न तुम्हाला पुण्यापासून न्यूजर्सीपर्यंतच्या मुली विचारतात. भाचा म्हणतो, ऑनलाइन मिळणाऱ्या एखाद्या बिडाच्या तव्याची लिंक दे, काय फरक पडतो? फरक पडतो. बाजारातला तवा खरखरीत येतो, तुम्ही तो तेल आणि कांदा चोळून काही दिवसांत वापरात आणता. ऑनलाइनचे बरेच तवे कारखान्यातच तेल लावून, भाजून येतात, त्यांना तुमची अर्धी कृती लागत नाही. तुमचा तवा खोलगट असेल तर तो इंडक्शनवर नीट बसणार नाही, आणि विचारणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी इंडक्शनवर स्वयंपाक करतात. तुमच्या तव्याचा फोटो आणि दुसऱ्याच तव्याची लिंक, ही मात्र फसवणूक झाली. तिथे मी मिस्टरांच्या बाजूने आहे.

असं करा. स्वतःच्या पैशाने एक ऑनलाइन तवा मागवा. महिनाभर त्यावर घावन, थालीपीठ, आंबोळी, रोजची भाकरी सगळं करा आणि वहीत टिपत जा. मग दोन्ही तव्यांचा एक लेख लिहा: वजन किती, कडा कशा आहेत, घावन कितव्या दिवशी सुटला, इंडक्शनवर काय झालं, गंज चढला का. आठवडी बाजार गाठता येत असेल तर तोच तवा घ्या, हेही लिहा, जरी त्यात तुम्हाला दमडी मिळणार नसली तरी. असा लेख मराठीत सहज सापडत नाही, तुमचे वाचक तो एकमेकींना पाठवतील. न्यूजर्सीच्या मुलीला भारतातली लिंक फारशी उपयोगाची नाही, प्रत्येक देशाचं खातं वेगळं असतं. सध्या त्या फंदात पडू नका. तिला तव्याचा आकार, जाडी आणि काय बघून घ्यायचा ते सांगा, पुरे.

वापरून लिहा, असं मी म्हणते ते नुसतं माझं मत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे की वस्तू स्वतः वापरलेली किंवा अनुभवलेली असावी, आणि कंपनीकडून पैसे, फुकट वस्तू असं काहीही मिळत असेल तर ते साध्या भाषेत, चुकणार नाही अशा जागी सांगावं. त्याआधी जाहिरातक्षेत्राच्या स्वनियमन मंडळाने, म्हणजे एएससीआयने, जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांसाठी नियम लागू केले होतेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस केली तर दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. घाबरवायला सांगत नाही, तव्याच्या लेखावरून कोणी तुमच्या दारात येणार नाही. पण दाव्याची नीट शहानिशा केली होती हे दाखवता आलं तर त्याच कायद्यात शिफारस करणाऱ्याला बचाव आहे. तुमची महिनाभराची वही म्हणजे ती शहानिशाच.

तर पट्टी अशी लिहा, पहिल्या लिंकेच्या आधी, लेखाच्याच अक्षरात:

'या लेखातल्या काही लिंकांवरून तुम्ही वस्तू घेतलीत तर दुकान मला थोडं कमिशन देतं. तुमची किंमत त्यामुळे वाढत नाही. ही वस्तू मी विकत घेऊन वापरली आहे.'

शेवटचं वाक्य खरं असेल तेव्हाच. एखाद्या कंपनीने सोऱ्या फुकट पाठवला असेल तर 'कंपनीने पाठवला आहे' असं लिहा. ॲमेझॉनचं स्वतःचं एक ठरलेलं वाक्यही ब्लॉगवर ठेवावं लागतं. ते खाली कुठेतरी असू द्या, पण वाचणारीला कळेल असं मराठी वाक्य वरच हवं. 'माझ्याविषयी'च्या पानावर एकदा लिहिलं म्हणजे झालं असं समजू नका, त्या पानावर कोण जातं? भाच्याला सांगा, प्रत्येक अशा लिंकेला 'स्पॉन्सर्ड' हा गूगलचा शिक्का जोड, म्हणजे ही कमिशनची लिंक आहे हे गूगलला कळतं. ते काम त्याचं.

खात्याचं मात्र त्याच्यावर सोडू नका, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. खातं तुमच्या नावाने, पॅन तुमचा, बँक तुमची, ओटीपी तुमच्या फोनवर. 'मावशी, माझंच खातं आहे, त्यातच जोडतो' हे प्रेमाने म्हटलेलं असतं. पण मग कमाई कागदावर त्याची होते, आणि स्वतःचे म्हणून जे चार पैसे तुम्हाला हवे होते ते पुन्हा कोणाकडे तरी मागावे लागतात. एका कंपनीकडून वर्षाला वीस हजारांवर कमिशन गेलं तर २ टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नसेल तर २०. कापलेला कर रिटर्न भरून परत मागता येतो. रिटर्नचा कोणता फॉर्म लागेल ते सीएला विचारून घ्या. जीएसटीची चिंता वर्षाला वीस लाखांपर्यंत नको. तिथे पोहोचलात तर मला जेवायला बोलवा.

हे सदर वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे बाकीचेही असतील: कुणी पुस्तकांवर लिहितं, कुणी सायकलींवर, कुणी बागेवर. त्यांनाही मी हेच सांगेन. फक्त दोन विषयांत जास्त जपून. आरोग्य आणि पैसा. गुडघेदुखीच्या गोळ्यांची किंवा शेअर खात्याची लिंक म्हणजे चकलीचा सोऱ्या नव्हे. चूक झाली तर वाचकाचं नुकसान कपाटात पडून राहणाऱ्या भांड्याइतकं नसतं, आणि एएससीआयने २०२३ पासून या विषयांवर सल्ला देणाऱ्यांना आपली पात्रता सांगायला लावली आहे. पैसे लावून खेळायच्या ॲपची लिंक कितीही मोठं कमिशन दाखवत असली तरी घेऊ नका. २०२५ च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीवरच बंदी आणली आहे.

भाजणी विकायचं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे. माझ्या मते त्यात लिंकांपेक्षा जास्त पैसा आहे आणि कितीतरी जास्त कष्टही. त्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी, पॅकिंग, कुरिअर हे सगळं आलं, त्यावर वेगळं पत्र लिहा.

सुरुवात मात्र चकलीपासून करा, तव्याचा महिना चालू असतानाच. घरात सोऱ्या आहे, तो तुम्ही वर्षानुवर्षं वापरता, लेखही तयार आहे. त्याच बनावटीचा ऑनलाइन मिळतो का ते बघा. मिळत नसेल तर लिंक नको. मिळाला तर लेखात चार गोष्टी घाला: फिरवायचा आहे की दाबायचा, घट्ट भाजणीला मनगट दुखतं का, चकतीच्या कडा धारदार आहेत का, धुताना पीठ कुठे अडकतं. लेख दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी वर आणा, कारण फराळाच्या आदल्या रात्री वाचणारीला मागवलेला सोऱ्या वेळेवर मिळणार नाही, ती शेजारणीकडूनच आणणार. पैसे दिसायला जानेवारी उजाडेल. दरम्यान कोणी 'काकू, चकती वाकली' असं कळवलं तर ते त्याच लेखात, लिंकेच्या शेजारी, तारखेसकट जोडा.